नुखा पुढे चालते

गेल्या वर्षी माग काढणाऱ्यांच्या परीक्षेत नुखाला नापास केलं ते मीच. आकडा साहेबाने लिहिला, पण तिचे शब्द त्याच्या भाषेत नेऊन ठेवले ते मी.

साहेबाने वाळूतल्या एका ठशाभोवती काठीने गोल काढला आणि विचारलं, "हा कोणाचा?" नुखा म्हणाली, "मला म्हातारीला काय दिसतंय. असेल एखादा उंदीर." ठसा बिबट्याचा होता. आमच्यात जाणत्या माणसाने असंच बोलायचं असतं. मोठी शिकार साधून आलेला माणूससुद्धा शेकोटीपाशी हात शेकत म्हणतो, काही नाही मिळालं, नुसती हाडं. मग सगळे ओळखतात, उद्या मांस आणायला दहा जण लागणार. पण दुभाष्याने पदरचा शब्द घालायचा नाही, असा नियम. मी उंदीर म्हटलं, साहेबाने उंदीर लिहिलं.

ज्याच्याकडे पास झाल्याचा बिल्ला, त्यानेच रान बघायला आलेल्या पाहुण्यांच्या पुढे चालायचं. त्यामुळे बापाच्या रानात नुखा वर्षभर पाण्याचा कॅन घेऊन सगळ्यांच्या मागून चालली. पुढे शहरातून आलेला बिल्लेवाला. एकदा तो हत्तीच्या ताज्या पावलावर पाय देऊन तसाच पुढे निघाला, तेव्हा नुखा मागून फक्त खोकली.

परीक्षा दोनदाच देता येते. दुसरी खेप या हिवाळ्यात आली.

आठवडाभर तिचा नवरा बेसा तिला फुशारकी मारायला शिकवत होता.

"म्हण, मला सगळे माग कळतात."

"मला थोडेफार..."

"थोडेफार नाही. सगळे."

"असं कोण म्हणतं? वेडं माणूस."

"मग वेड्यासारखी म्हण. लग्नाच्या वेळी माझ्या आईला म्हणालीसच की, मला कंद छान भाजता येतात."

"ते खोटं होतं, म्हणून जमलं."

मग ती माझ्याकडे वळली. "आजी, तूच सांग ना साहेबाला." नुखा पन्नाशीची, मी तिशीची. पण माझं नाव सागाई आणि तिच्या आजीचंही सागाई, म्हणून मी तिची आजी. आजी-नातीला थट्टेची मुभा असते.

"मी सांगितलं तर दोघींना हाकलतील, पोरी," मी म्हटलं. "तोंड तुझंच उघडायला हवं. एरवी तर ते मिटत नाही."

परीक्षेच्या सकाळी गवत पांढरं पडलं होतं, श्वासांची वाफ होत होती. साहेब गेल्या वर्षीचेच, अमुपोलो. हसायचे नाहीत, पण माणूस सरळ. त्यांनी छावणीजवळ तीन ठशांना गोल काढले. नुखाने पहिल्यासमोर उभं राहून छाती भरून घेतली, ओठ हलवले, आणि म्हणाली, "कोण जाणे." दुसऱ्याला, "कोण जाणे." तिसऱ्याला नुसतीच मान हलवली. बेसाने लांबूनच डोक्याला हात लावला. मी तिन्ही उत्तरं जशीच्या तशी पोचवली. पेन्सिलीने तीन फुल्या मारल्या, त्या मला वाळवीसारख्या आत कुरतडत गेल्या.

आता उरला होता लांबचा माग. पाणवठ्यावरून एक सिंहीण पहाटे निघाली होती. ती जिथे असेल तिथवर आम्हाला न्यायचं.

मागावर बोलायचं नसतं. तिथे हात बोलतात, प्रत्येक जनावराची खूण ठरलेली. नुखाचा हात वर गेला आणि मला लख्ख उमगलं. जिभेला लाजायची मुभा आहे, हाताला नाही. हाताने उणंअधिक सांगितलं तर मागून येणारा मरतो.

साहेबांनी भुवयांनी मला विचारलं. मी त्यांच्या कागदाच्या मागे लिहिलं: सिंहीण. डावा मागचा पाय दुखतोय. अंगावर दूध आहे. इथे बसली, पिल्लं प्यायली. तीन. एकही शब्द माझा नव्हता. साहेब वाकून वाळू बघत, कागद बघत, परत वाळू बघत.

ऊन चढलं. मंगेतीच्या झाडांपाशी नुखा थांबली. माग सरळ झुडपांत शिरत होता, आंधळ्यालाही दिसला असता. तिने तळवा जमिनीकडे दाबला, वाळूची चिमूट वाऱ्यावर सोडली, आणि माग सोडून भलतीकडेच चालू लागली.

साहेबांची पेन्सिल वर आली. माग हरवला की परीक्षा संपली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्या पायांकडे बघितलं. नुखाने मोठा वळसा घेतला, वारा तोंडावर ठेवून, आणि आम्हाला एका उंच वारुळामागे नेऊन बसवलं. मग एक बोट दाखवलं.

सिंहीण झुडपांत पोट टेकून पडली होती. पाठ आमच्याकडे, कान पुढे, नजर तिच्या स्वतःच्याच मागावर रोखलेली. ज्या वाटेने आम्ही यायला हवं होतं, त्या वाटेवर ती आमची वाट बघत होती. तिच्या शेपटीशी तीन पिल्लं झोंबत होती.

साहेबांनी पिल्लं बोटांवर मोजली. मग पेन्सिल खाली आली, पण फुली मारायला नाही.

खूप मागे आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मग सकाळी 'कोण जाणे' का म्हणाली?"

आता प्रश्न मला होता, म्हणून मी उत्तर दिलं. सगळं सांगितलं, बिबट्याच्या उंदरासकट. ते ऐकत राहिले. मग छावणीजवळच्या त्या तीन गोलांपाशी नुखाला नेऊन म्हणाले, "तोंड बंद. हात."

हात म्हणाला: कोल्हा. तरस, म्हातारं. साळिंदर, रात्रीचं, पोट भरलेलं.

त्यांनी तिन्ही फुल्या खोडल्या आणि बिल्ला स्वतः तिच्या खांद्यावर लावला. नुखाने तो चाचपून म्हटलं, "पत्रा हलका आहे." बेसा एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं.

संध्याकाळी बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि गाणं तिथल्या तिथे जुळलं:

नुखाच्या पावलानं वाळू बोलू लागे
सिंहीण राही मागे बघत गं
नुखाच्या हातानं रान उलगडे
बाई चालली पुढे आमुची गं

सोमवारी पाच पाहुणे आले. त्यांच्या पुढे नुखा, तिच्या मागे मी. गोरखचिंचेच्या पलीकडे तिचा हात वर गेला आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो, आता पाण्याचा कॅन घेतलेला शहरातला बिल्लेवालाही. गवतातून हत्ती येत होते, आधी कान, मग पाठी, मग पायांत घोटाळणारं एक पिल्लू. नुखाने हात खाली घेतला नाही. कळपातली थोरली हत्तीण थबकली, सोंडेने हवा हुंगली, आणि नुखासमोरून, हाताच्या अंतरावरून म्हणावं तशी, सगळ्यांना घेऊन निघून गेली.