फरशी कोरडीच होती

कपाटावरचे निरांजन एसीच्या झोतात फडफडत होते, पण जळत होते. त्याच खोलीत, पलंगाआड जमिनीवर, वाऱ्याची झुळूकही न पोहोचणाऱ्या जागी ठेवलेले निरांजन मात्र पुन्हा पुन्हा विझत होते.

खराडीच्या त्या फ्लॅटमध्ये बारसे नुकतेच उरकले होते. आत्या या नात्याने उत्कर्षाने भाचीच्या कानात कुर्र करून ‘मुक्ताई’ हे नाव सांगितले होते आणि रिवाजाप्रमाणे पाठीत धपाटेही खाल्ले होते. ती पदार्थविज्ञानाची संशोधक होती. रिवाज ती निमूट पाळी; शकुन-अपशकुनाचा विषय निघाला की मात्र तिची भुवई आपसूक वर जाई.

तिच्या आई गोदाबाई आतल्या खोलीतून आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने.

“अगं, बाळाच्या उशाशी दिवा टिकत नाही. लक्षण बरं नाही.”

“लक्षण कसलं, आई? वात ओली असेल.”

“दोन्ही वाती मीच वळल्या, तूप एकाच बरणीतलं. मग वरचा बरा जळतो? की शास्त्रज्ञांच्या मते ओल्या वाती उंचावर वाळतात?”

तो प्रश्न उत्कर्षाला पेढ्यातल्या खड्यासारखा सलला. काड्यापेटी घेऊन ती उठली.

“ताई, दार लगेच लाव हं,” ऋषी, तिचा धाकटा भाऊ, मागून म्हणाला. “गारवा जाईल.” दाराखालच्या फटीत त्याने टॉवेलसुद्धा कोंबला होता.

पलंग रिकामा होता. तान्हे मूल उंचावरून पडेल, या गोदाबाईंच्या धाकामुळे आणि एसीचा वारा लागू नये म्हणून बाळंतिणीची गादी पलंग आणि भिंत यांच्यामध्ये घातली होती. ऋषीची बायको राजनंदिनी तिथे लेकीला कुशीत घेऊन झोपली होती.

उत्कर्षाने उभ्यानेच काडी ओढली आणि वाकली. काडी विझली. दुसरी काडी तिने सावकाश खाली नेली. पलंगाच्या कडेशी पोहोचताच ज्योत पाण्यात बुडवावी तशी नाहीशी झाली. तिसरीही तिथेच, त्याच उंचीवर. उत्कर्षाने चेहरा खाली नेला आणि सोड्याची बाटली नाकाशी फुटावी तशी झिणझिणी थेट मेंदूपर्यंत गेली.

राजनंदिनीचा श्वास धावून आल्यासारखा चालला होता. हाक मारली, गदागदा हलवले. ती जागी होईना. मुक्ताईचे ओठ जांभळट पडले होते.

श्वास रोखून तिने बाळ उचलले, डोक्याच्याही वर धरले आणि दाराशी पोहोचताच किंचाळली, “खिडक्या उघडा! राजनंदिनीला बाहेर काढा! ॲम्ब्युलन्स बोलवा!”

ऋषीने बायकोला खांद्यांना धरून ओढत गॅलरीत आणले. बाळ गप्प होते. मग मुक्ताईने एक उचकी दिली आणि टाहो फोडला. थोड्या वेळाने राजनंदिनीने डोळे उघडले आणि आधी बाळ मागितले.

ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी दोघींना प्राणवायू लावला, धोका टळल्याचे सांगितले. तेव्हा कुठे उत्कर्षा ऋषीकडे वळली.

“पलंगाखाली काय ठेवलंयस?”

“ड्राय आइस,” ऋषी म्हणाला. “पाळण्याखाली ढग केले होते ना, त्यातला उरलेला. संध्याकाळच्या फोटोंसाठी फोडून मोठ्या चाळणीत ठेवला. वितळू नये म्हणूनच एसी लावला, दार बंद केलं.” “ताई, मी मघाशी पलंगाखाली हात फिरवून पाहिलं गं. फरशी कोरडीच होती. पाणी झालं नाही म्हणजे बर्फ शाबूत असणार ना?”

उत्कर्षाने वारा खेळत्या खोलीत जाऊन पलंगाखालून चाळण ओढली. तळाशी मूठभर पांढरे तुकडे उरले होते.

हा बर्फ पाण्याचा नव्हता. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड होता. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली हा घन पदार्थ वितळत नाही; द्रवाची पायरी गाळून तो थेट वायू होतो, म्हणून मागे ओल राहत नाही. घनात दाटीने बसलेले रेणू वायूत मोकळे सुटले की त्यांना शेकडो पट जागा लागते. वायू थंड होता, हवेहून जड होता आणि दार बंद होते. एसीच्या झोताने वरची हवा ढवळली. बाळाला वारा लागू नये म्हणून निवडलेल्या त्या सांदीत मात्र वायू साचत गेला, आणि तिथे ज्योतीला वा श्वासाला पुरेशी हवा उरली नाही.