कड्यावरची मोजणी

दोर धरायला मेहुणाच लागतो. सख्खा भाऊ कितीही जीव लावणारा असला, तरी दोराला लटकलेला गेला तर ह्याचा वाटा वाढतो. मेहुण्याच्या हातून दोर सुटला तर त्याचीच बहीण विधवा होते. मधवाल्यांच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून मोठ्या कड्यावर तिचा नवरा लटकायचा, वर तिचा भाऊ दोर धरायचा आणि ती डबे घेऊन खाली, मान मोडेस्तोवर वर बघत उभी राहायची.

नवऱ्याची शिस्त सासऱ्यांपासूनची. मधाचा भाग कापायचा, पिल्लांचा भाग कड्यालाच सोडायचा. शेजारच्या टेकडीवरचे मधवाले अख्खं पोळं ओरबाडून आणत आणि वर ह्यालाच हसत. 'माश्यांचा मामा' असं नाव ठेवलं होतं मेल्यांनी.

अशात राखीव जंगलाची हद्द वाढणार असं कानावर आलं, आणि मागोमाग जंगल खात्याच्या मॅडम माश्यांची पोळी मोजायला आल्या. शहाण्या माणसाने अशा वेळी तोंडाला कुलूप लावावं. पण इतकी वर्षं ज्यांनी टिंगल केली त्यांना उत्तर द्यायची संधी आली होती, ती हा गडी सोडतो कसला! दोन दिवस तो मॅडमना घेऊन कडा हिंडला. खालून न दिसणारी, कपारीतली पोळीसुद्धा दाखवली. एकूण शहाऐंशी भरली. पंधरा वर्षांपूर्वी तीस होती, हेही त्याने आवर्जून लिहून घ्यायला लावलं. तुमच्यासारखी माणसं हवीत, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिलाही दोष द्यायला तोंड नव्हतं. त्यातली दोन पोळी तो विसरला होता, ती तिनेच दाखवली होती.

दोन महिन्यांनी कागद आला. इतकी पोळी आसपास कुठेच नाहीत, म्हणून मोठा कडा कायमचा बंद, माणसाने पाऊल टाकायचं नाही. शेजारच्या टेकडीवर पाचच पोळी उरलेली. तिथे जपण्यासारखं काही नाही, तेव्हा ती परवान्यावर सगळ्यांना खुली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दोघं कचेरीत गेली. मॅडमनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं. भांडायला समोर कुणी वाईट माणूस तरी हवा ना.

"मॅडम, आम्ही राखली म्हणून आहेत ती पोळी," नवरा म्हणाला.

"तेच लिहिलंय मी," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "त्यामुळेच तर कडा बंद झाला."

राखणदाराची एक जागा निघणार होती, पण त्यासाठी आठवी पास लागत होतं. ह्याने शाळा चौथीत सोडली होती, कड्यासाठीच.

मध काढायचे दिवस आले तसे तिघं टेकडीवर गेली. बाकीच्यांच्या आधी पोचायला हवं होतं. पाच पोळ्यांत एक घर वर्षभर कसं चालायचं? नवरा लटकला, धूर केला, आणि मधासोबत पांढऱ्या अळ्यांनी भरलेले तुकडेही खाली येऊ लागले. पहिल्या पोळ्याला तिला वाटलं, हात चुकला असेल. दुसऱ्याला तिला कळलं. वर हाक मारून थांबवलं असतं, पण मग घरात वर्षभर खायचं काय? तिने पुढचा डबा सरकवला. पाचवं पोळं त्याने दगडापासून खरवडून काढलं.

खाली उतरल्यावर तो तिच्याकडे न बघता कोयता पुसत बसला. तिचा भाऊ दोर गुंडाळत होता.

"दाजी, पुढच्या वर्षी इथं काय उरणार?"

"काही उरायला नको. उरलं की मोजायला येतात."

तिने डब्यातल्या अळ्या बोटाने वेचायला घेतल्या. त्या अजून हलत होत्या.