पहिल्याच घंटीला

भोजराजने मोडेमची वायर टेलिफोनशेजारच्या भिंतीतल्या खोबणीत खुपसली आणि युनिक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नजर लावली. सौंदडच्या गोदामातून कारकून टिकेशने फोन लावला होता. धानाची रोजची आवक आता फोनच्या तारेतून थेट राइस मिलच्या, भोजराज सांभाळत असलेल्या कॉम्प्युटरवर येणार होती. मोडेम किंचाळला, पण लॉगिनच्या जागी नुसता अक्षरांचा कचरा उमटला. दोन्हीकडच्या मोडेमचा वेग जुळत नव्हता. भोजराजने वेग कमी केला. टिकेशने पुन्हा लावला, तेव्हा लॉगिन सरळ आलं. भोजराजला त्याचं काही वाटलं नाही. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नसे.

मिलचे मालक शालीकराम शेठ पाठीशी उभे होते.

"तिसऱ्या घंटीले उचलून राहिला हा. काऊन?"

"तसं लावलं मी."

"कायले? मोडेम काय माणूस आहे, चप्पल घालून येईल? पहिल्याच घंटीले उचलला पाहिजे."

भोजराजचा हात कीबोर्डवर अडला. तिसऱ्या घंटीला कारण होतं, पण ते सांगायचं कोणत्या तोंडाने?

त्याची लेक रविता नागपूरला शिकायला गेली आणि जातीबाहेर लग्न करून बसली. "माझ्याशी बोलू नको," असं भोजराज तेव्हा बोलून गेला. बोललेलं मागे घेईल तर तो भोजराज कसला! शेवटी त्याच्या बायकोनेच, रामबाईने, वाट काढली. मुर्री गावातल्या त्यांच्या घरी फोन नव्हता. पोरीने दर शनिवारी पाचला एसटीडी बूथवरून मिलच्या याच फोनवर दोन घंट्या द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. म्हणजे ती बरी आहे. बिल वाचवायला सगळा जिल्हाच असे मिस कॉल देत होता. भोजराज उचलत नसे. घरी जाऊन "वाजली" एवढंच म्हणे, आणि तेवढ्यावर रामबाई आठवडा काढी. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. तेवढ्या काळात तो आतून पार दगड झाला होता.

त्याने तिनाचा एक केला. शेठ घरी गेले.

आज शनिवारच होता. वायर काढून ठेवता आली असती, कुणी विचारणार नव्हतं. पण तो मोडेमच्या दिव्यांकडे बघत तसाच बसून राहिला. आता रामबाईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं. तेही दुसऱ्याच कुणाचं दुखणं असावं तसं.

पाचला फोन वाजला. मोडेमने पहिल्याच घंटीला उचलला. उचलल्यावर तो घटकाभर गप्प राहतो, मग ओरडायला लागतो. तेवढ्या गप्पपणात त्याच्या बारक्या स्पीकरमधून आवाज आला.

"बाबा?"

भोजराज हलला नाही.

"बाबा, उचलला तुम्ही? खरंच उचलला?" पोरगी हसत होती, नाहीतर रडत होती. "मी रोज म्हणत होती, एक दिवस बाबा..."

आणि मोडेम तिच्या कानात किंचाळला.

भोजराज उठला तशी खुर्ची मागे पडली. एका हाताने त्याने रिसीव्हर उचलला आणि दुसऱ्या हाताने मोडेमची पिन भिंतीतून उपटली. किंचाळणं थांबलं. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. तिने अजून ठेवला नव्हता.

"रविता," तो म्हणाला. "बोल माय. ऐकून राहिलो मी."