न जळणारा उजेड

प्रफुल्ल आणि दिपालीची मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली, आणि सेवाग्रामच्या वाटेवरच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत निळ्या उजेडाखाली होती. डोळे झाकलेले, अंगावर नुसता लंगोट, पायाला चिकटपट्टी. पट्टीवर ‘दिपालीचे बाळ’ एवढंच.

दोन वर्षांपूर्वी दिपालीचं पहिलं मूल अशाच पट्टीसकट गेलं होतं.

“रडाले बी नाव लागते, ताई,” ती नणंदेला म्हणाली. “त्याले काय म्हणून रडू, ते मले अजून समजलं नाई. हिले आजच नाव पाह्यजे. उजेडाचं.”

नंदिनी भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली. अर्धवट माहितीवर तिला काहीच करवत नसे. खाटेच्या कडेला बसून तिनं फोनवर संस्कृत कोश उघडला आणि एकेक शब्द मुळापासून तपासायला घेतला.

“उज्ज्वला?”

“म्हंजे काय?”

“ज्वल् म्हणजे जळणं. वर उसळून जळणारी.”

“नको.”

“तेजस्विनी. तेज आलं तिज् वरून. तिज् म्हणजे धार लावणं.”

“नाव शोधून राह्यल्या का हत्यार?”

“दीप्ती. दीप् म्हणजे पेटणं. तुझ्या नावातही तेच आहे.”

“मंग पाहा माहे हाल,” दिपाली म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा किंचित हसली.

नंदिनी विचारात पडली. जुन्या माणसांनी उजेड पाहिला तो काहीतरी जळतानाच. चूल, दिवा, वणवा. मग शब्दही बहुतेक आगीतूनच निघणार. पण पेटीवरचा दिवा जळत नव्हता. त्याच्याखाली हात धरला तरी चटका बसत नव्हता, आणि तरीही लेकराच्या कातडीतला काविळीचा पिवळेपणा तो हळूहळू विरघळवत होता. मग तिला आभा सापडलं. भा म्हणजे नुसतं प्रकाशणं. काय जळतं, कुणाला धार लागते, याचा त्यात उल्लेखच नाही. पाली भाषेतही शब्द जसाच्या तसा.

“आभा,” दिपाली पुटपुटली. “आभा.”

दारातून डबा घेऊन येणाऱ्या सासूनं, कांताबाईनं, ते ऐकलं.

“नाव बुद्धविहारात ठेवत असते, चार लोकाइत. इथं नाई.”

“आई, नावानं काय होते?” नंदिनीनं विचारलं.

“माया लागते.” कांताबाईनं डबा खाली ठेवला. “मांगच्या पोराले म्या एक डाव बी हाक मारली नोती. तरी अजून झोप येत नाई. नाव असतं तं काय झालं असतं माहं?”

दुःख एकच होतं; सून त्यावरून एक शिकली होती, सासू दुसरंच.

दुपारी दिपालीला ताप भरला. तिला पेट्यांच्या खोलीत जाऊ देईनात. पण बाळाला रोज थोडा वेळ कुणाच्या तरी उघड्या छातीची ऊब द्यायची होती, म्हणून कांताबाई हात धुऊन, दवाखान्याचा झगा घालून आत गेली. नंदिनी दाराशी थांबली. शोभा सिस्टरनं दिवा बंद केला, डोळ्यांवरची पट्टी काढली आणि मूठभर लेकरू आजीच्या छातीवर ठेवलं.

“मावशी, हे लेकरू मधेच श्वास घ्यायला विसरतं. इतक्या लहानांचं होतं तसं. छाती हलेनाशी झाली की तळव्याला बोट घासायचं अन् हाक मारायची. मी इथंच आहे.”

कांताबाई बसून राहिली. श्वास धरून तीच जास्त बसली होती.

मग यंत्र टुंटुं करू लागलं. लेकराची छाती थांबली होती.

“ए,” कांताबाईनं तळवा घासला. “ए पोरी. ए बाई.”

खोलीत ओळीनं पेट्या होत्या. ही हाक त्यातल्या कुणालाही लागू पडली असती. शोभा सिस्टर पाऊल उचलून पुढे आली.

“आभा,” कांताबाई म्हणाली.

हळू नाही. अंधार पडायला लागल्यावर गल्लीत लांब गेलेल्या पोराला आई दारातून बोलावते, तशी.

“आभा, इकडं ये. काऊन चालली तिकडं? घरी ये माय.”

लेकराचा पाय आखडला. छाती एकदा हलली, मग पुन्हा. यंत्र गप्प झालं.

“आता घेतेय श्वास, मावशी,” सिस्टर म्हणाली. “आता नाही मारली हाक तरी चालेल.”

कांताबाईनं मान हलवली आणि हाक मारत राहिली.