पतंगाचा गळ

माझे बाबा, कमळाकर, दातांत दोरी धरून मासे पकडायचे. उरणच्या किनाऱ्यावर लाटा फुटतात, त्यांच्या पलीकडे मोठा मासा असतो. म्हणून हा माणूस फुटत्या लाटांत घुसायचा, पोहत जाऊन गळ सोडायचा आणि वाळूत येऊन बसायचा. दोरीचं टोक मुठीत, पुढचा भाग दातांत. मासा हातापेक्षा दाताला आधी कळतो म्हणे. आई वैतागायची, एक दिवस मासाच यांना ओढून नेईल!

मग अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. रोडपालीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते खिडकीशी बसून राहायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. मला संताप यायचा. जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस असा गरीब गाय झालेला मला बघवेना. एकदा एवढंच म्हणाले, "बाय, मना शेवटचा एकदा दर्या दाखव."

त्यातलं 'शेवटचा' मला मुळीच आवडलं नाही. दर्या दाखवायचा तर मासाही धरायला लावायचा, असं मी ठरवलं. पण लाटांत जाणार कोण? दर्याची लेक म्हणवते आणि पोहता येत नाही, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा! शेवटी संक्रांतीचा मोठा पतंग घेतला. त्याच्या मांज्याला कपड्यांचा चिमटा बांधला आणि चिमट्यात गळाची दोरी अडकवली. सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तोच गळ लाटांपलीकडे नेणार होता.

"पतंगान मासा धरतीस? येडी जालीस काय?" वाळूत खुर्चीवर बसलेले बाबा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी ते मला ओरडले होते. मी खूश झाले.

पतंग लाटांवरून गेला. मी झटका दिला, चिमट्यातून दोरी सुटली, कोळंबी लावलेला गळ पाण्यात पडला. बाबांनी दोरीचं टोक डाव्या मुठीत घेतलं आणि सवयीनं पुढचा भाग दातांत धरला. ते दात आता कवळीचे आहेत, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

हिसका बसला तो असा, की कवळी उडाली ती थेट लाटेत. मूठ मात्र सुटली नाही. मी पतंग टाकून धावले, त्यांना मागून मिठी मारली, आणि आम्ही दोघांनी मिळून दोरी ओढली. वाळूवर जिताडा फडफडत आला. बाबा बोळक्या तोंडानं इतके हसले, की त्यांना धरून ठेवावं लागलं. मीही हसत होते, आणि मला त्यांना सोडवत नव्हतं.

परतताना गाडीत मी म्हटलं, "बाबा, आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"दात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या भरती कवा हाय, ते बघ."

मला रस्ता दिसेना. मी गाडी बाजूला घेतली.