आपल्याकडचा माणूस

लालासाहेब हवालदारांनी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, पण पलटण कुठं आहे हे कधी बायकोलाही कळू दिलं नाही. राहीबाईनं किती खोदून विचारलं तरी पत्रात एकच ओळ यायची, खुशाल आहे. असला तोंडाचा पक्का माणूस. आणि त्याच माणसाच्या तोंडून मिरजेच्या दवाखान्यात, बाकड्यावर बसल्या बसल्या, नको ती गोष्ट निसटली.

राहीबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यासाठी लेक संयोगिता आखातातून दहा दिवसांच्या रजेवर आली होती. तिथल्या एका शाळेत ती गणित शिकवायची. जावई साईराज आणि नऊ वर्षांची पिंकी मागं तिथंच राहिली होती, कारण पिंकीच्या परीक्षा चालू होत्या. संयोगिता औषधं आणायला खाली गेली, आणि भेटायला आलेल्या आप्पासोनं सहज विचारलं, "काय म्हणती लेक?"

आप्पासो गावचाच आणि पलटणीतलाही. त्याच्यापासून काय लपवायचं? लालासाहेब त्याच्या कानाला लागले. "दुसरी शाळा मिळालीया तिला. लय मोठी. पर जुन्या शाळेला अजून सांगायचं हाय. तू कुनाला बोलू नगं, गड्या."

आप्पासो शब्दाला जागला. तो कुणालाही बोलला नाही. त्यानं फ्लेक्स लावला.

तिसऱ्या दिवशी गाडी मिरजेहून येऊन गावच्या फाट्यावर वळली, तर समोर दहा फुटी संयोगिता उभी. फोटो लग्नातला. शेजारी लालासाहेब, छातीवर पदकं, लेकीपेक्षा दुप्पट मोठे. 'परदेशातील नवीन नामांकित शाळेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांची वीस-बावीस मुंडकी. राहीबाईच्या डोळ्याला पट्टी होती. ती आपली विचारतेय, "आवं, गाडी का थांबली? कुनी आडवं आलं का?"



"आबा," संयोगिता हळूच म्हणाली, "हे कुणाला सांगितलं होतं तुमी?"

हवालदार खिडकीतून बाहेर बघत राहिले. लेकीनं विमानतळावरून येतानाच त्यांना सगळं समजावलं होतं. तिथल्या व्हिसावर शाळेचं नाव असतं. शाळा म्हणेल तोवर तुम्ही त्या देशात, आणि साईराज, पिंकी तिच्या व्हिसाला धरून. नवी शाळा घ्यायला तयार होती, पण जुन्या शाळेनं सोडचिठ्ठीवर सही करायला हवी. ती परत जाऊन, कामावर हजर होऊन, समोरासमोर राजीनामा देणार होती. देशात पाय असला म्हणजे माणसाला दाद तरी मागता येते. पण ती इकडं असताना शाळेच्या मालकाला कळलं, तर तो बसल्या जागी व्हिसा रद्द करून मोकळा. केरळच्या एका बाईंचं त्यानं असंच केलं होतं. त्या विमानतळावरूनच मागं फिरल्या. त्यांचे कपडेसुद्धा इतर बाईमाणसांनी खोक्यात भरून पाठवले.

आप्पासोला बोलावून घेतलं, तर तो उलट चिडला. "मी बोललो कुनाला? एक अक्षर न्हाई. आनंदाची गोष्ट, चार मान्सांत नाव झालं, तर तुमचं तोंड वाकडं!"

आता अशा माणसाला काय सांगावं, कपाळ?

फ्लेक्स त्याच दुपारी उतरवला. पण फ्लेक्स उतरवता येतो, मोबाईलमधला फोटो कुणाच्या बापाला उतरवता येत नाही. माजी सैनिकांचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, कारखान्याच्या सभासदांचा ग्रुप, सगळीकडं तो फिरून आला होता. शिवाय मुदतीआधी फ्लेक्स उतरला म्हटल्यावर गावाला वेगळाच घोर. काय बिनसलं म्हणून विचारायला जो तो दारात.

पुढचे चार दिवस त्या घरानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. फोन किणकिणला की संयोगिताच्या हातातलं भांडं सुटायचं. तासातासाला ती मोबाईलवर व्हिसा तपासायची. चालू, असं हिरव्या अक्षरात दिसलं की सुस्कारा टाकायची, आणि पुन्हा तासाभरानं तेच. ताटातलं जेवण ताटातच राहायचं. लालासाहेबांना तिच्याकडं बघवेना. बर्फातल्या चौकीवरही ते इतके भ्याले नव्हते. तिथं शत्रू कुठल्या बाजूला आहे ते तरी माहीत होतं.

राहून राहून त्यांच्या डोक्यात एकच नाव यायचं, शिवतेज. पलूसकडचा पोरगा. जुन्या शाळेच्या ऑफिसात शिक्षकांच्या व्हिसाची कागदपत्रं तोच बघायचा, आणि संयोगिताला ती नोकरीही त्यानंच सुचवलेली. दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा लालासाहेबांनी त्याला शेजारी बसवून मटण वाढलं होतं, जाताना दोन किलो बेदाणे दिले होते. आपल्याकडचा माणूस. त्याच्या नात्यागोत्यात तो फोटो गेला नसेल कशावरून? संयोगिताचं मत मात्र वेगळं होतं. "आपल्याकडचा आहे म्हणूनच जपून राहायचं, आबा. पगार मालक देतो त्याला."

पण भ्यालेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. जायच्या आदल्या सकाळी हवालदार उसाच्या बांधावर गेले, कुणी ऐकत नाही असं बघितलं आणि नंबर लावला.

"काका, नमस्कार. आज कशी काय आठवण काढली?"

"शिवतेज, लेकरा, ते फ्लेक्सचं तू मनावर घेऊ नगंस. गावातली मान्सं, त्यास्नी काय कळतंय? संयोगिता तिकडं आली की रीतसर सांगनारच हाय. तवर तेवढं मालकाच्या कानावर जाऊ देऊ नगंस. पाया पडतो तुझ्या."



"कसला फ्लेक्स, काका?"

अजून वेळ होती. वाढदिवसाचा म्हणावं, आईच्या ऑपरेशनचं काहीतरी म्हणावं, नाहीतर सरळ फोन ठेवावा. पण शिवतेज गोड आवाजात विचारत गेला, आणि घाबरलेली जीभ उताराला लागलेल्या गाडीसारखी थांबेना. नवी शाळा कुठली, सही कवा व्हनार, सगळं त्यांनी सांगून टाकलं.

"बरं झालं काका, मला आधी सांगितलंत," शिवतेज म्हणाला. "काळजी करू नका. आपलीच माणसं आहोत आपण."

हवालदारांचा जीव भांड्यात पडला. घरी आले ते सरळ चुलीपाशी बसले, दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या, राहीबाईच्या पट्टीवरून तिची थट्टाही केली. लेकीला आत्ता नको, मुंबईच्या गाडीत बसवताना सांगू, असं मनाशी ठरवून टाकलं. तेवढाच तिला धीर.

दुपारी संयोगिता बॅगेत चटणीच्या पिशव्या भरत होती. फोन वाजला. तिनं वाचलं आणि तिथंच खाली बसली.

"काय गं?"

"शाळेचा मेल आहे. उद्या प्रवास करू नका. व्हिसा रद्द करायला दिलाय." तिचा आवाज अगदी सपाट होता. "कसं कळलं, आबा? फ्लेक्सवर ना जुन्या शाळेचं नाव होतं, ना नवीचं. चार दिवसांत तिकडून कुणी एक शब्द बोललं नाही. आज सकाळी मला वाटलं, निभावलं. आणि यात नव्या शाळेचं नावसुद्धा आहे. ते तर मी साईराज आणि तुम्ही सोडून कुणाला सांगितलं नव्हतं."

लालासाहेब भिंतीला टेकले.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "सकाळी. शिवतेजला. मला वाटलं, तू सुखरूप जाशील."

संयोगिता रडली नाही, ओरडली नाही. ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि तिला ओरडू द्यावं असं त्या बापाला फार फार वाटलं. मग तिनं तिकडच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. पिंकीनं उचलला. साईराज बाजारात गेला होता.

"आई, उद्या मी पण येणार विमानतळावर. बाबा हो म्हणालेत. किती वाजता येणार तू?"

संयोगितानं फोन बापापुढं धरला. "तिला तुमीच सांगा."

लालासाहेबांनी दोन्ही हातांनी फोन धरला. पडद्यावर नातीचा चेहरा. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आजोबा, तुमचा आवाज येत नाहीये," पिंकी म्हणाली. "जोरात बोला ना."