चार मिनिटं

तिसऱ्यांदा घंटी वाजली आणि किशोरने एमआरआय मशीनची फळी बाहेर ओढली. चेहऱ्यावरची जाळी निघताच नवसाबाई उठून बसल्या. आता त्या आत जाणार नव्हत्या.

सोमवारच्या ऑपरेशनआधी डोक्याचा एमआरआय हवा होता. हृदयाच्या डॉक्टरांनी नुसत्या तपासणीसाठी वेगळी भूल द्यायला मनाई केली होती. आज झाला नाही, तर पुढची तारीख बारा दिवसांनी. मुलगा वाल्मीक देवळ्याहून गाडी करून आला होता. तो आधी आईवर चिडला, मग तिची मनधरणी करू लागला.

किशोरने आवाज न चढवता पुन्हा सगळं सांगितलं. बोगदा दोन्हीकडून उघडा आहे, आत हवा खेळते, काही टोचत नाही, वीसच मिनिटं. नाशिकच्या या सेंटरवर अठरा वर्षं तो हेच सांगत आला होता.

"तुम्ही गेले व्हते का कधी आत?" नवसाबाईंनी विचारलं.

"मावशी, या मशीनचं मला सगळं माहीत आहे."

"मशीनचं नाय इचारलं मी."

जेवणाच्या सुट्टीत किशोर स्वतः फळीवर आडवा झाला. त्याच्याच हाताखाली शिकलेली हर्षाली म्हणाली, "सर, डबा थंड होतोय." मग तिने जाळी लावली, हातात घंटीचा रबरी फुगा दिला आणि फळी आत सरकवली.

नाकापासून छतापर्यंतचं अंतर त्याला सेंटिमीटरमध्ये पाठ होतं. डोळे मिटल्यावर ते कमी झालं. खटखट सुरू झाली. कोपर हलवावं म्हटलं, तर जागा नव्हती. स्वतःचाच श्वास तोंडावर परत येत होता. पंखा चालू आहे हे त्याला माहीत होतं. त्याचा काही उपयोग होत नव्हता.

"हलू नका, थोडंच राहिलंय," स्पीकरमधून हर्षाली म्हणाली. हे वाक्य त्यानेच तिला शिकवलं होतं. खरं किती राहिलंय, तेही तो जाणून होता. त्याने फुगा दाबला.

बाहेर बाकावर नवसाबाई घरी चल म्हणून मुलाच्या मागे लागल्या होत्या. किशोर शेजारी बसला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"चार मिनिटं राहिलो, मावशी. मग बाहेर काढा म्हटलं."

त्या त्याच्याकडे वळल्या. "म्हंजे मी नाटक नाय करत."

"नाही."

वाल्मीकने मान खाली घातली. थोड्या वेळाने त्या आपणहून उठल्या.

फळी आत गेली. किशोरला खुर्चीवर बसवेना. हर्षालीने माइक पुढे केला. "सहा झाली, मावशी. चौदा राहिली," तो म्हणाला.

काचेपलीकडे त्यांचे पाय तेवढे दिसत होते. जोडवी काढलेल्या बोटांवर पांढरे पट्टे होते, आणि एका पायाच्या बोटांनी दुसरा पाय घट्ट धरला होता.